दोन ग्राफिक्स कार्डे एकाच संगणकात: ही कल्पना खरोखर संपली का?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. भडगावात माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा लहानसा स्टुडिओ आहे. तुळशीचे लग्न लागले की आमची धावपळ सुरू होते आणि आखाजी उलटून गेल्यावरही ती संपत नाही. माझ्या संगणकात एनव्हिडिया कंपनीचे १२ जीबीचे एक ग्राफिक्स कार्ड आहे. परवा ओळखीच्या एका दुकानदाराने त्याच मॉडेलचे जुने कार्ड दाखवले आणि "हे दुसरे लावून टाका, काम निम्म्या वेळात होईल," असे सांगितले. मला ते मनापासून पटले. जमीन भारी असली की नांगराला दुसरी बैलजोडी जुंपतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

पुण्यात शिकणारा माझा भाचा मात्र म्हणतो, "मामा, दोन कार्डांचा जमाना केव्हाच गेला." म्हणून विचारतो: असा जमाना खरोखर होता का, तो का गेला, आणि माझ्यासारख्याला आज दुसऱ्या कार्डाचा उपयोग आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे. कल्पना चांगली असेल तर ती इतक्या सहज मरत नाही, असे माझे मत आहे.

वूडूप्रेमी (जळगाव)

भाऊ, असा जमाना होता आणि मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. थ्रीडीएफएक्स या कंपनीने १९९८ साली वूडू २ हे कार्ड आणले. ते फक्त त्रिमितीचे काम करायचे. साध्या चित्रासाठी वेगळे कार्ड लागायचेच. त्या साध्या कार्डातून निघालेली वायर वूडूच्या पाठीत शिरायची आणि वूडूतून निघालेली वायर मॉनिटरला जायची. अशी दोन वूडू कार्डे शेजारी बसवून फ्लॉपी ड्राइव्हला असते तशा एका चपट्या वायरने जोडली की पडद्यावरच्या आडव्या रेषांची वाटणी व्हायची: एक रेष पहिल्या कार्डाने काढायची, पुढची दुसऱ्याने. या पद्धतीला स्कॅन लाइन इंटरलीव्ह, म्हणजेच एसएलआय, असे नाव होते. एकट्या कार्डाला त्रिमितीत ८०० बाय ६०० च्या पुढे जाता येत नसे, जोडीला मात्र १०२४ बाय ७६८ गाठता येई.

माझ्या वसतिगृहातल्या एका मित्राकडे अशी जोडी होती. त्याने पेटीचे झाकण कधीच लावले नाही, कारण बघायला येणारा प्रत्येक जण आधी आत डोकवायचा आणि मगच पडद्याकडे वळायचा.

धुळ्याचा मास्तर (धुळे)

वूडूप्रेमींनी चांगली सुरुवात केली आहे. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, त्यामुळे थोडे मागून सांगतो. एका संगणकात दोन चित्रकार्डे ही गोष्ट १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीइतकी जुनी आहे. मजकुरासाठी एमडीए आणि रंगीत चित्रासाठी सीजीए अशी दोन कार्डे त्यात एकाच वेळी बसत, कारण दोघांच्या मेमरीचे पत्ते वेगळे ठेवले होते. एका पडद्यावर अक्षरे आणि दुसऱ्यावर आलेख पाहता येत असे. पण ती दोन कार्डांची दोन कामे झाली. एकच चित्र दोघांनी मिळून काढणे ही खरी अवघड गोष्ट आहे आणि घरगुती संगणकात ती वूडू २ ने रुजवली.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, एटीआय या दुसऱ्या कंपनीने रेज फ्यूरी मॅक्स या एकाच कार्डावर दोन चिप बसवल्या आणि वाटणीची वेगळी पद्धत वापरली. रेषांऐवजी आख्खी फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, वाटायची: पहिली फ्रेम पहिल्या चिपने, दुसरी दुसऱ्या चिपने. या आळीपाळीच्या पद्धतीने पुढची वीस वर्षे राज्य केले आणि तिच्यातच पुढच्या दुखण्याचे मूळ होते, म्हणून वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

थ्रीडीएफएक्सने २००० साली दोन चिपचे वूडू ५ आणले, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीने आपली तांत्रिक मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले. मध्यंतरी हा विषय थंडावला याचे एक साधे कारण होते. त्या काळच्या मदरबोर्डांवर ग्राफिक्ससाठी एजीपी नावाची खाच असे आणि ती एकच असे. २००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आल्यावर दोन लांब खाचा देणे शक्य झाले, आणि एनव्हिडियाने एसएलआय हीच आद्याक्षरे ठेवून नवा अर्थ दिला: स्केलेबल लिंक इंटरफेस. २००५ मध्ये एटीआयचे क्रॉसफायर आले. त्यात सुरुवातीला एक कार्ड खास 'मास्टर' असावे लागे आणि दोघांना जोडणारी वायर पेटीच्या बाहेरून जायची.

केळीबाग (रावेर)

एक शंका आहे. ८ जीबीची दोन कार्डे लावली तर १६ जीबी मिळतात का?

वूडूप्रेमी (जळगाव)

नाही. दोन्ही कार्डांना तेच चित्र काढायचे असते, त्यामुळे त्याच साहित्याची पूर्ण प्रत प्रत्येकाजवळ असावी लागते. २०१२ च्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६९० या दोन चिपच्या कार्डावर ४ जीबी मेमरी होती, पण प्रत्येक चिपच्या वाट्याला दोनच येत आणि खेळालाही तेवढीच उपयोगी पडे.

दीपनगरचा दिवा (भुसावळ)

मी २०१२ ते २०१५ अशी तीन वर्षे कार्डांची जोडी वापरली आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष कोण्या एकाचा नव्हता. दोन्ही कार्डे एकमेकांना जवळजवळ चिकटून बसत आणि खालच्या कार्डाने सोडलेली गरम हवा वरच्याचा पंखा ओढून घेई. डिसेंबरात सगळे ठीक चाले. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर गेला की वरचे कार्ड ९१ अंशांवर आणि खालचे ७६ वर, असे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. तापले की वरचे कार्ड आपला वेग कमी करी आणि मग खालचेही त्याच्यासाठी थांबून राही. गिरणाकाठ भाऊंची बैलजोडी इथे अगदी चपखल बसते: एक बैल मागे पडला की दुसऱ्याच्या अंगात कितीही जोर असला तरी नांगर त्याच चालीने चालतो.

वीज गेली की आणखी वेगळी तऱ्हा. घरच्या इन्व्हर्टरवर एक कार्ड कसेबसे चाले, दोन्ही जोरात असली की तो शिट्टी देऊन बंद पडे. वडील बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "हाई काय शे रे भाऊ?" आणि माझ्याजवळ उत्तर नसायचे.

सगळ्यात मोठा त्रास मात्र चित्राचा होता. कोपऱ्यातला आकडा सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असे, पण डोळ्यांना ते ३५-४० सारखे वाटे. याचे कारण मला तेव्हा कोणीच सांगू शकले नाही.

शिरपूरकर (शिरपूर)

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. आज मागे वळून पाहताना सगळे दोषच दिसतात, पण त्या काळच्या खिशाचा विचार करा. २०१० मध्ये जीटीएक्स ४६० ची जोडी एकट्या जीटीएक्स ४८० पेक्षा जास्त वेग देत असे आणि किमतीतही ती जड नव्हती. शिवाय आज एक कार्ड घ्यायचे आणि वर्षा-दीड वर्षाने कापसाचे पैसे हातात आले की दुसरे जोडायचे, ही सोय आमच्यासारख्यांना फार मोलाची वाटायची. एकदम मोठी रक्कम काढणे प्रत्येकाला जमत नाही. मी जोडीवर चार वर्षे समाधानाने खेळलो आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

धुळ्याचा मास्तर (धुळे)

शिरपूरकर, तुमचे म्हणणे खरे आहे आणि दीपनगरच्या दिव्याचेही खरे आहे. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सरासरी दर १६.७ मिलिसेकंदांना एक. आळीपाळीच्या पद्धतीत दोन कार्डांच्या फ्रेम एकमेकींच्या बरोबर मधोमध पडायला हव्यात, पण प्रत्यक्षात एक ५ मिलिसेकंदांनी येई आणि तिच्यामागची २८ मिलिसेकंदांनी. सरासरी काढली तर १६.५, म्हणजे कोपऱ्यातला आकडा ६० च्या आसपासच राही. डोळ्यांना मात्र ती लांबलेली २८ ची फट जाणवे. याला मायक्रोस्टटर म्हणतात. परीक्षण करणारे लोक सेकंदातल्या फ्रेमऐवजी प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजू लागले तेव्हा ही गोष्ट आकड्यांत पकडली गेली. २०१३ मध्ये एएमडीने (एटीआय विकत घेतलेल्या कंपनीने) ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फ्रेम पेसिंग आणले, म्हणजे लवकर तयार झालेली फ्रेम थोडी रोखून धरायची आणि अंतर सारखे करायचे. त्याने बराच फरक पडला.

पण तोपर्यंत मूळ पायाच हलू लागला होता. आळीपाळीने फ्रेम काढण्यामागे असे गृहीत आहे की प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आहे. नव्या खेळांमध्ये कडा गुळगुळीत करण्यासाठी मागच्या फ्रेमचे चित्र वापरले जाऊ लागले. आता मागची फ्रेम शेजारच्या कार्डाजवळ आहे! ती मागवायची म्हणजे खाचेतून किंवा दोन कार्डांना जोडणाऱ्या पट्टीच्या पुलावरून आणायची आणि येईपर्यंत हात बांधून बसायचे. दोन कार्डांचा फायदा त्या वाट पाहण्यातच जिरून जाऊ लागला. तंत्र हरले याचे हेच मुख्य कारण आहे, असे मी मानतो. बाकीची कारणे त्याच्या मागोमाग आली.

बोरीकाठचा (अमळनेर, सध्या पुणे)

मी ग्राफिक्सच्या प्रोग्रामिंगमध्ये काम करतो, म्हणून मास्तरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. २०१५ पर्यंत दोन कार्डांत काम वाटण्याची जबाबदारी ड्रायव्हरची असे. प्रत्येक खेळासाठी कंपनीचे अभियंते वेगळे प्रोफाइल (कामाची वाटणी कशी करायची याच्या सूचना) तयार करत आणि ते येईपर्यंत दुसरे कार्ड नुसते बसून राही. २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ ने, म्हणजे खेळ आणि कार्ड यांच्या मधल्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरने, ही जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यांकडे दिली. कागदावर ती मोठी मुभा होती, कारण दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डेसुद्धा एकत्र चालवता येणार होती, आणि ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या खेळाने ते करूनही दाखवले. पण विचार करा, फार थोड्या ग्राहकांकडे असलेल्या जोडीसाठी महिनोन् महिने मेहनत कोणता लहान चमू घेईल? त्यामुळे मुभा मिळाली आणि ती वापरणारे मात्र मिळाले नाहीत.

त्यानंतर माघार सुरू झाली. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० वरून एसएलआयची जोडणीच काढली गेली. २०१९ च्या एएमडीच्या आरएक्स ५७०० ला क्रॉसफायर नव्हते. २०२० च्या आरटीएक्स ३०९० या एकाच घरगुती कार्डावर एनव्हीलिंकची, म्हणजे दोन कार्डे जोडण्याच्या नव्या पुलाची, खाच उरली, १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल देणे थांबवले, आणि २०२२ च्या ४०९० वर खाचही राहिली नाही.

आणखी एक हिशेब पाहण्यासारखा आहे. २०१० च्या जीटीएक्स ५८० ला २४४ वॅट लागत, म्हणजे जोडीला ४८८. आरटीएक्स ४०९० हे एकटे कार्ड ४५० वॅट घेते आणि बहुतेक पेट्यांत तीन खाचांची जागा अडवते. पूर्वीची जोडी आता एकाच कार्डाच्या पोटात गेली आहे.

केळीबाग (रावेर)

शेवटचे वाक्य फार आवडले.

रेषा आणि रंग (चोपडा)

इथपर्यंतची सगळी चर्चा खेळांभोवती फिरली, पण धागा काढणाऱ्या दादांचे काम खेळाचे नाही. मी घरूनच त्रिमितीय अॅनिमेशनचे काम करते आणि माझ्या संगणकात आज दोन कार्डे आहेत. त्यांच्यात पूल नाही, वायर नाही. ब्लेंडर या त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स रेंडररमध्ये (अंतिम चित्र काढणाऱ्या भागात) दोन्ही कार्डांपुढे खूण केली की दोघे काम वाटून घेतात. मागच्या महिन्यातल्या एका दृश्याची एक फ्रेम एका कार्डावर ४ मिनिटे १० सेकंद घेत होती, दोन्हींवर ती २ मिनिटे १२ सेकंदांत झाली. अट एकच: दृश्य प्रत्येक कार्डाच्या मेमरीत पूर्ण मावले पाहिजे.

लांब अॅनिमेशन असले तर मी ब्लेंडर दोनदा उघडते; एका खिडकीला पहिले कार्ड देते, दुसरीला दुसरे, आणि फ्रेम वाटून टाकते. मास्तरांनी सांगितलेली आळीपाळीची पद्धत हीच आहे ना? फरक इतकाच की माझ्या फ्रेम तयार होताना समोर बसून कोणी पाहत नाही. एक ५ सेकंदांनी आली आणि दुसरी ५० सेकंदांनी, तरी फोल्डरमध्ये त्या क्रमाने शेजारी शेजारी पडून राहतात. जी पद्धत खेळात टिकली नाही ती माझ्या घरी रोज रात्री सुरळीत चालते.

धुळ्याचा मास्तर (धुळे)

ताई, अगदी नेमके लिहिलेत. वेळेचे बंधन गेले की वाटणीतला तंटाही जातो. हे उदाहरण मी यंदा वर्गात सांगणार आहे.

अहिराणी आवाज (जळगाव)

मी विद्यापीठात शिकतो आणि अहिराणी बोलण्याचे लिखित रूपांतर करण्याचा एक छोटा प्रयोग करतो आहे. वर मेमरीची बेरीज होत नाही असे लिहिले गेले. खेळांसाठी ते बरोबर आहे. मोठी भाषा-प्रारूपे (एआयची लँग्वेज मॉडेल) चालवताना मात्र बेरीज जवळजवळ होते. प्रारूपाचे थर असतात. पहिले अर्धे थर एका कार्डात ठेवायचे, उरलेले दुसऱ्यात, आणि मधल्या टप्प्यावर थोडीशीच माहिती इकडून तिकडे द्यायची. माझ्या १२ जीबीच्या दोन कार्डांत, एकात मुळीच न मावणारे प्रारूप बसते. वेग दुप्पट होत नाही, कारण पहिले कार्ड राबत असते तेव्हा दुसरे आपल्या पाळीची वाट पाहते. तरीही जे चालतच नव्हते ते चालू लागले, आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्यासाठी ती मोठी गोष्ट आहे.

दीपनगरचा दिवा (भुसावळ)

जुने कार्ड घेणार असाल तर एक विनंती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे मायनिंग (गणिते सोडवून चलन कमावणे) बंद झाले आणि वर्षानुवर्षे अहोरात्र चाललेली कार्डे बाजारात आली. त्यातली सगळीच खराब नसतात, पण दुकानातच अर्धा तास पूर्ण भाराने चालवून पाहा, पंख्याचा आवाज कान देऊन ऐका आणि मेमरीचे तापमान बघा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कडक झालेले थर्मल पॅड (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या) लगेच उघडे पडतात. पॉवर सप्लायचाही हिशेब करा: खाचेतून ७५ वॅट, सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०.

बोरीकाठचा (अमळनेर, सध्या पुणे)

गिरणाकाठ दादा, पैसे देण्याआधी दोन गोष्टी पाहून इथे कळवा. पहिली, मदरबोर्डवरची दुसरी लांब खाच आतून पूर्ण आहे का; बऱ्याच बोर्डांवर ती दिसायला लांब असते आणि आत चारच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) जोडलेल्या असतात. दुसरी, तुमचे काम नेमके कुठे अडते: टाइमलाइनवर फुटेज अडखळते की शेवटचे एक्स्पोर्ट लांबते? कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग कोणत्या प्रकारचे आहे तेही सांगा.

गिरणाकाठ (भडगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पेटी उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले. पहिल्या खाचेत सोनेरी पत्ती शेवटपर्यंत आहे. दुसरीत ती सुरुवातीच्या थोड्या भागातच आहे आणि पुढे नुसते काळे प्लास्टिक. म्हणजे चारच लेन. कार्ड बसले तरी त्याचा पंखा पॉवर सप्लायच्या झाकणाला टेकेल, एवढीच जागा उरते.

अडचण एक्स्पोर्टची नाही, टाइमलाइनची आहे. नवा कॅमेरा घेतल्यापासून हळदीचे आणि वरातीचे फुटेज तुटक चालते. रेकॉर्डिंग एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२ असे आहे (व्हिडिओ दाबून साठवण्याचा, रंगांचा तपशील जास्त ठेवणारा प्रकार). प्रोसेसर इंटेलचा बाराव्या पिढीचा, नावाशेवटी एफ नाही, म्हणजे आत स्वतःचे ग्राफिक्स असलेला.

बोरीकाठचा (अमळनेर, सध्या पुणे)

मग दुसरे कार्ड घेऊ नका. या प्रकारचे फुटेज उलगडण्याची सोय तुमच्या पिढीतल्या एनव्हिडिया कार्डांच्या डिकोडरमध्ये नाही. ते काम प्रोसेसरच्या अंगावर पडते आणि तो थकतो. त्याच प्रोसेसरच्या पोटात इंटेलचे स्वतःचे ग्राफिक्स आहे आणि त्याला ४:२:२ चे एचईव्हीसी उलगडता येते. कार्ड लावल्यावर बहुतेक बोर्ड ते आतले ग्राफिक्स झोपवून ठेवतात. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका आणि एडिटिंगच्या सेटिंगमध्ये डिकोडिंगसाठी क्विक सिंक (इंटेलची व्हिडिओ उलगडण्याची सोय) निवडा. मॉनिटरची वायर आहे त्याच कार्डाला राहू द्या.

रेषा आणि रंग (चोपडा)

म्हणजे दादांच्या संगणकात दोन ग्राफिक्स पहिल्यापासूनच होते!

गिरणाकाठ (भडगाव)

दोन दिवसांनी लिहितो आहे. आतले ग्राफिक्स चालू केले. पाचोऱ्याच्या एका लग्नाची वरात टाइमलाइनवर टाकली, तीन कॅमेऱ्यांचे फुटेज एकावर एक, आणि बँडवाल्याच्या काठीची फिरकीसुद्धा न तुटता दिसली. टास्क मॅनेजरमध्ये दोन ग्राफिक्स वेगवेगळी दिसतात: इंटेलच्या ओळीत व्हिडिओ डिकोडचा आलेख वर चढलेला, मोठ्या कार्डावर रंगसुधारणेचा भार. दोघे आपापले काम करतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. भाच्यालाही फोनवर दाखवले.

दुकानदाराला नाही म्हणून कळवले आहे. अहिराणी आवाज, तुमच्या प्रयोगासाठी अजून एखादे १२ जीबीचे कार्ड लागणार असेल तर त्याच्याकडचे ते पाहून घ्या. फक्त दीपनगरच्या दिव्याने सांगितलेली अर्ध्या तासाची चाचणी दुकानातच करा. आणि अहिराणी बोलण्याचे नमुने हवे असतील तर माझ्याकडे दहा वर्षांच्या लग्नांतली हळदीची गाणी आणि म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा रेकॉर्ड झालेल्या आहेत. ज्यांची आहेत त्या घरांना विचारून देईन.

अहिराणी आवाज (जळगाव)

काका, कार्डापेक्षाही मला ते आवाज हवे आहेत. रविवारी भडगावला येऊ का?

गिरणाकाठ (भडगाव)

अवश्य या. रिकामी हार्ड डिस्क सोबत आणा, निदान २ टीबीची.